‘नुसतं उभं राहायचंय’ : पुण्यातल्या पोरांच्या टोळ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण पुण्यातल्या एका वस्तीत मी बारा वर्षं संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. आईवडील, शिक्षक, कधी शेजारच्या सोसायटीतले लोक जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत. वस्तीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. पत्ता सांगितल्यावर नोकरीचा फोन परत येत नाही, हे आमच्या पोरांनी पुरेसं भोगलंय.

‘कोयता गँग’ नावाची एक टोळी खरंच आहे का?

नाही. ते बातम्यांनी दिलेलं नाव. २०२२च्या डिसेंबरअखेरीस सिंहगड कॉलेजच्या परिसरात पोरांनी रस्त्यावर कोयते फिरवत धुमाकूळ घातला. पोलिसांनी एकाला तिथेच चोपला आणि तो व्हिडिओ राज्यभर फिरला. त्याच सुमारास नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी हा विषय काढला, आणि नाव कायमचं चिकटलं. प्रत्यक्षात शहरात चार-सहा-दहा पोरांची अनेक टोळकी आहेत. बहुतेकांना नावसुद्धा नसतं. कुणाचा एका चौकाशी संबंध, कुणाचा एका ‘भाई’शी, कुणाचा नुसता एका पानटपरीशी. आज एकत्र असलेली पोरं तीन महिन्यांनी एकमेकांच्या मागे लागलेली असतात.

हेही लक्षात घ्या, की कोयता दिसला म्हणजे टोळी असं नाही. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर दिवसा एका तरुणीवर कोयता उगारला गेला तो एकतर्फी प्रेमातून. तिला वाचवायला धावले तेही रस्त्यावरचे तरुणच होते.

पण कोयताच का? चाकू, तलवार का नाही?

कारण तो सापडतो. ऊस तोडायचं, नारळ सोलायचं हे हत्यार बाजारात काहीशे रुपयांत मिळतं. निव्वळ शेतीसाठी किंवा घरकामासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे तो विकायला परवाना लागत नाही. भांडणासाठी घेऊन फिरलात तर मात्र हीच वस्तू शस्त्र ठरते. पोलीस शस्त्र कायद्याचं कलम ४ व २५ लावतात, सोबत महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७ (१) आणि १३५. २०२३च्या सुरुवातीला पुणे पोलिसांनी कोयता विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची नोंद ठेवायला सांगितलं. घरातला जुना कोयता घ्यायला आधार लागत नाही, हा भाग वेगळा.

दुसरं कारण म्हणजे तो दिसतो. चाकू खिशात राहतो. कोयता मागच्या सीटवरून हवेत फिरवता येतो, रस्त्यावर घासून ठिणग्या काढता येतात. मारण्यापेक्षा दाखवण्यासाठी तो जास्त कामाचा.

एक गोष्ट मला फार लागते. साखर पट्ट्यात ‘एक कोयता’ म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं एक जोडपं. मुकादम त्यावर उचल देतो, त्यावर हिशेब होतो. आमच्याकडच्या काही पोरांचे आजी-आजोबा त्या हिशेबात एक कोयता होते.

या पोरांचा आणि मोठ्या टोळ्यांचा काय संबंध?

सगळ्यांचा नाही. पण वरचा मजला दिसतो म्हणून खालच्याला चढावंसं वाटतं, इतका संबंध नक्की आहे.

शहराच्या पश्चिमेला जमिनींचे भाव चढले, तशी गुंठा-गुंठ्यानं विक्री सुरू झाली. ताबा घेणं, ताबा सोडवणं हा धंदा झाला, आणि त्या धंद्याला कुंपणाशी उभी राहणारी पोरं लागली. मोठ्या टोळ्यांना बळ तिथून मिळालं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टोळीप्रमुख गजानन मारणे तळोजा कारागृहातून सुटला, तेव्हा एक्स्प्रेस वेवरून शेकडो गाड्यांचा ताफा निघाला. नंतर गुन्हे दाखल झाले, पण आमच्या गल्लीतल्या नववीतल्या पोरांना एफआयआर आठवत नाही. त्यांना सनरूफमधून हात हलवणारी माणसं आठवतात.

याची दुसरी बाजू तीच पोरं पाहतात, पण तिचा स्टेटस ठेवत नाहीत. ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडच्या सुतारदऱ्यात गुंड शरद मोहोळला गोळ्या घातल्या, त्या प्रकरणात पकडली गेलेली माणसं त्याच्याच आजूबाजूला वावरणारी होती. १ सप्टेंबर २०२४ रोजी नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांचा खून झाला. वर्षभरानं, ५ सप्टेंबर २०२५ला, त्या खटल्यातल्या एका आरोपीच्या कोवळ्या मुलाला नाना पेठेतच गोळ्या घातल्या गेल्या. अभ्यासिकेत पोरं दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी एकानं विचारलं, “सर, त्यानं काय केलं होतं?”

पोरगं ‘टोळीत जातं’ म्हणजे नेमकं काय होतं?

लोकांना वाटतं शपथ असते, भरती असते. तसलं काही नसतं. एक वाक्य असतं : “चल ना, नुसतं उभं राहायचंय.”

संध्याकाळचे साडेसात. टपरीवर पाच जण, दोन गाड्या. तुमचा मुलगा तिथे रोजच असतो, कारण त्याचे शाळेतले दोस्त तिथे आहेत. त्यातल्या एकाला कॉलेजच्या गेटवर कुणीतरी खुन्नस दिलेली असते, किंवा इन्स्टावर कमेंट टाकलेली असते. याला म्हणतात ‘मॅटर’. मॅटर मिटवायला जायचं, तर संख्या दिसली पाहिजे. मग तिसरा म्हणून तुमचा मुलगा गाडीवर बसतो. त्याला मारायचं नसतं. नाही म्हटलं तर उद्यापासून टपरीवर कुणी सरकून जागा देणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात असतं.

बहुतेक वेळा काहीच होत नाही. आईबहिणीवरून शिव्या होतात, कुणीतरी मोठा मधे पडतो, सगळे चहा पिऊन घरी येतात. सहाव्या-सातव्या वेळी कुणीतरी डिकीतून कोयता काढतो.

कायद्याला ‘नुसतं उभं’ कळत नाही. पाच किंवा जास्त जणांचा जमाव एका उद्देशानं गेला आणि एकानं वार केला, तर जमावातल्या प्रत्येकावर तोच गुन्हा येऊ शकतो. पाचांपेक्षा कमी असले तर समान इराद्याचं कलम आहेच. गाडी धरून थांबलेला मुलगाही त्यात येतो.

गरिबीमुळेच होतं ना हे सगळं?

हे उत्तर मला अपुरं वाटतं. त्याच गल्लीत, त्याच पगारात शंभर घरं आहेत, आणि त्यातली दोन-चार पोरं या वाटेला जातात. त्याच घरातल्या बहिणीला बारावीला ऐंशी टक्के असतात.

मी जे पाहतो ते असं. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसं. संध्याकाळी आई स्वयंपाकाला लागते, बहीण अभ्यासाला बसते, आजी सीरियल लावते, बाप कामावरून येऊन आडवा होतो. सोळा वर्षांच्या उंच मुलाला त्या खोलीत पाय पसरायला जागा नसते. “जा जरा बाहेर” हे त्याला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळणारं वाक्य. तो बाहेर जातो. बाहेर त्याचं स्वागत कुठे होतं, यावर पुढचं ठरतं. मैदान होतं तिथे पार्किंग झालं. व्यायामशाळेला फी आली. ग्रंथालय आठला बंद. टपरी अकरापर्यंत चालू.

आणि नववी. आठवीपर्यंत ढकलत आणलेला मुलगा नववीत आपटतो. वर्गात त्याला नावानं कुणी हाक मारत नाही, मारली तर उभं करण्यासाठी. टपरीवर मात्र त्याला टोपणनाव मिळतं. एखादा वीस-बावीसचा दादा विचारतो, “जेवलास का?” तुम्ही हसाल, पण गेल्या बारा वर्षांत या वाटेवर गेलेल्या प्रत्येक पोराच्या गोष्टीत मला हे वाक्य भेटलंय.

बापाचा मार, दारू, घरात कुणीतरी आधीच ‘आत जाऊन आलेला’ असणं, याचा भार असतोच. ते नाकारत नाही. पण ही सगळी कारणं असूनही मुलगा वाचतो, आणि यातलं एकही नसताना दोन खोल्यांच्या फ्लॅटमधला मुलगा सापडतो, हेही पाहिलंय.

त्यांना पैसे किती मिळतात?

जवळजवळ काहीच नाही. वडापाव, पेट्रोल, कधी बिर्याणी, दिवाळीला एखादा शर्ट. महिनाभर दुकानात काम करणारा त्याचा वर्गमित्र त्याच्यापेक्षा जास्त कमावतो.

हे सगळं रील्समुळे होतंय का?

रील्स नव्हत्या तेव्हा फ्लेक्स होते. चौकात भाईचा वाढदिवस, खाली चाळीस पोरांचे पासपोर्ट साइझ फोटो. त्या फोटोंत आपला फोटो यावा म्हणून वर्गणी देणारी पोरं मला माहीत आहेत. रीलनं फक्त छपाईचा खर्च वाचवला, आणि भांडण चौकाबाहेर नेलं. पूर्वी खुन्नस द्यायला समोर यावं लागायचं. आता धनकवडीतला मुलगा हडपसरच्या मुलाला रात्री दोन वाजता डिवचतो आणि दोघांचे दोनशे दोस्त ते बघतात. माघार घ्यायची सोय राहत नाही. कोयत्यानं केक कापल्याचा व्हिडिओ टाकून स्वतःच पुरावा देणारेही आहेत. पोलीस तो बघून घरी येतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलीस आयुक्तालयात शहरातल्या टोळ्यांचे प्रमुख आणि साथीदार ओळीनं उभे केले गेले आणि रील्स टाकायच्या नाहीत अशी तंबी दिली गेली. ते योग्यच. पण आरोपींची त्यांच्याच गल्लीतून धिंड काढण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. मोठ्यांना त्यानं बरं वाटतं. गाड्यांच्या काचा फोडणाऱ्याला त्याच गाड्यांसमोरून लंगडत जाताना पाहून मलाही क्षणभर वाटलं होतं. मग त्याच संध्याकाळी त्या धिंडीच्या व्हिडिओला कुणीतरी गाणं लावलं, आणि तो मुलगा आधी होता त्यापेक्षा मोठा झाला.

अठराच्या आतल्याला काही होत नाही, म्हणून भाई लहान पोरं वापरतात. खरं का?

वापरतात हे खरं. काही होत नाही, हे खोटं. ही थाप टपरीवर सगळ्यात जास्त खपते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे अठराच्या आतल्याला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. त्याला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, त्याला सहसा सोडलं जातं. पण सुटला तर तो ओळखीच्या गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं मंडळाला वाटलं, तर त्याच कारणानं जामीन नाकारता येतो. मग मुक्काम निरीक्षणगृहात.

मुलगा सोळा ते अठरामधला असेल आणि गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल, तर त्याच्या समजुतीची प्राथमिक तपासणी होते आणि प्रौढ म्हणून खटला चालू शकतो. ‘किमान’ या शब्दावर सगळं अडतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते स्पष्ट केलं, २०२१च्या दुरुस्तीत ते कायद्यात आलं. खून यात बसतो. नुसता खुनाचा प्रयत्न सहसा बसत नाही, कारण त्याला सात वर्षांची किमान शिक्षा नाही. पण प्राणघातक हत्यार वापरून लूट केली तर किमान सात वर्षं आहेत. म्हणजे कोयता दाखवून मोबाइल हिसकावणारा सतरा वर्षांचा मुलगा प्रौढ म्हणून उभा राहू शकतो. हे मी पोरांना सांगतो तेव्हा पहिल्यांदा त्यांचे चेहरे बदलतात.

आणि जो दादा मुलाला पुढे करतो, त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ आहे : मुलाकडून गुन्हा करवून घेतला तर तीन ते दहा वर्षं. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३मध्येही सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख दंड आहे. ही कलमं कागदावर आहेत तेवढी लागावीत, असं मला फार वाटतं.

पहिली केस झाली. आता पुढे काय?

हा प्रश्न बहुतेक आया केस झाल्यावर विचारतात, आणि खरं काम इथेच असतं. माझ्या अनुभवात पोरगं टोळीत जातं ते टपरीवर बसल्यानं नाही. पहिल्या केसनंतरच्या सहा महिन्यांत जातं.

काय होतं बघा. वकील कोण देतो? घरात फीचे पैसे नसतात. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो हे कुणी सांगत नाही. मग भाईचा माणूस येतो आणि म्हणतो, “मावशी, काळजी करू नका, वकील आपला आहे.” मावशी त्याला चहा देते. तिच्या जागी मीही दिला असता. पण त्या दिवशी त्या घरावर उपकार चढतो, आणि उपकार फेडायची पाळी मुलावर येते.

दुसरीकडे शाळा. एका शाळेनं आमच्या मुलाच्या वडिलांना बोलावून गोड शब्दांत दाखला हातात ठेवला. “वातावरण बिघडतं,” म्हणाले. दहावीच्या परीक्षेला चार महिने होते. त्या मुलाचा संपूर्ण दिवस त्यांनी टपरीला देऊन टाकला.

तिसरं, समोरची बाजू. आता तिच्या यादीत त्याचं नाव आहे. त्याला एकट्यानं बाहेर पडायची भीती वाटते. म्हणून तो चौघांबरोबर फिरतो, म्हणून जवळ काहीतरी ठेवतो. आम्ही ज्याला माज म्हणतो, त्यात निम्मी भीती असते.

अठरा पूर्ण झाले की चौकी त्याला विसरत नाही. गणपती आले, निवडणूक आली, की ‘चॅप्टर’चं, म्हणजे शांत राहण्याची हमी लिहून द्यायचं, बोलावणं. पुढे केस वाढल्या तर दोन वर्षांपर्यंत तडीपारी, एमपीडीए या गुंडांना स्थानबद्ध करायच्या कायद्याखाली वर्षापर्यंत आत, आणि मग मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदा, ज्यात जामीन मिळणं फार अवघड. या पायऱ्या चढताना त्याला वाटतं आपण मोठे होतोय. टोळीत बोललंही तसंच जातं : “त्याच्यावर मोक्का आहे.” जणू पदवी.

मामाकडे गावाला पाठवावं का?

कधी कधी हाच सगळ्यात चांगला उपाय ठरतो. पण मामाकडे काम असेल तरच. वाळव्याला गॅरेजमध्ये लागलेला आमचा एक मुलगा आता तिथेच सुखात आहे. दुसरा गावाला गेला, पारावर बसला, आणि फोनवर पुण्यातलं सगळं बघत राहिला. दीड महिन्यात परत. आणि केस चालू असेल तर मंडळाच्या तारखा चुकवून पाठवू नका.

मुली यात नसतात का?

कमी दिसतात, पण असतात. सामान लपवायला, निरोप पोचवायला. त्यापेक्षा जास्त वेळा ‘मॅटर’चं कारण म्हणून त्यांचं नाव येतं, आणि त्या मुलीला पुष्कळदा त्या भांडणाचा पत्ताही नसतो.

मंडळं, ढोल-पथकं, राजकारण यांनी पोरं बिघडतात का?

मंडळामुळे बिघडलेली पोरं मी फार पाहिली नाहीत, सुधारलेली पाहिली आहेत. पथकात ताशावर बसणाऱ्या पोराची दोन महिने रोज संध्याकाळी कुणीतरी वाट बघत असतं, चुकलं की ओरडतं. टपरी जे देते तेच, पण कोयत्याशिवाय. अडचण दसऱ्यानंतरच्या दहा महिन्यांची आहे.

राजकारणाचं म्हणाल तर, प्रचारफेरीला गाड्या आणि पोरं लागतात, ती भाई पुरवतो. सकाळी ज्याच्याविरुद्ध आम्ही पोरांना चार गोष्टी सांगतो, संध्याकाळी त्याच्याच खांद्यावर हात ठेवलेला पुढारी फ्लेक्सवर झळकतो. पोरांनी कुणावर विश्वास ठेवावा?

अंथरुणाखाली कोयता सापडला. काय करू?

आधी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. (हे झालेलं आहे.) नदीत फेकायला जाऊ नका, तो आधीच कशात वापरला गेला असेल तर तुम्ही पुरावा नष्ट केल्यासारखं होतं. बापानं लगेच पट्टा काढू नये. मुलगा त्या रात्री घराबाहेर गेला, तर नेमका जिथे जाऊ नये तिथे झोपायला जाईल.

शांतपणे एकच प्रश्न विचारा : तुला कोणाची भीती आहे? बहुतेकदा खरं उत्तर तिथून येतं. मग ओळखीच्या वकिलाला किंवा पोलिसांच्या विशेष बाल पथकाला गाठा. एकट्यानं जायची भीती वाटत असेल तर शाळेतले सर, नगरसेवकाच्या ऑफिसातली ताई, कुणीही जबाबदार माणूस बरोबर न्या.

यातून बाहेर पडता येतं का?

येतं. बहुतेक पोरं कुठलीही घोषणा न करता पडतात. कुणाला शिफ्टची नोकरी लागते आणि संध्याकाळ संपते. कुणाचं लग्न ठरतं. एकाला मुलगी झाली, आणि तो टपरीच्या मागच्या रस्त्यानं जायला लागला, एवढंच. अडकतात ते चारित्र्य पडताळणीत. डिलिव्हरीपासून सिक्युरिटीपर्यंत आता सगळीकडे पोलिसांचा दाखला लागतो.

इथे एक गोष्ट उपयोगाची आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार, लहानपणीच्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर ती नोंद नष्ट करायची असते. अपवाद प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्यांचा. हे आपोआप होईल म्हणून बसू नका. अर्ज करा, पोच घ्या, पोचेची झेरॉक्स ठेवा. मुलाचं नाव किंवा फोटो छापायलाही कलम ७४ ची बंदी आहे.

मदतीसाठी कुठे फोन करायचा?

मुलांसाठी १०९८, चोवीस तास. मोफत वकिलासाठी १५१०० किंवा शिवाजीनगर कोर्टातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. भाईचा वकील घरात यायच्या आत हा फोन करा. अंगावर आलेलं असेल तर ११२.

पोलिसांनी मुलाला नेलं तर बरोबर काय घेऊन जाऊ?

वयाचा पुरावा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी होते, आणि तिच्यात एक-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. सतरा वर्षं दहा महिन्यांच्या मुलासाठी तो फरक किती महागात जातो हे एकदा पाहिल्यापासून, अभ्यासिकेत येणाऱ्या प्रत्येकाच्या दाखल्याची एक झेरॉक्स मी माझ्याच कपाटात ठेवतो.